दोनशे बारा नंबरचा बिल्ला

...नाही नाही, बसा, कुणी ताटावरून उठू नका. तो भोंगा नव्हता, आत मुदपाकात किटली ओरडली. भोंग्याला अजून वीस मिनिटं आहेत, तो चारला वाजतो. सोमवारी वाजला, मंगळवारी वाजला, बुधवारी वाजला, काल तर आपले बंबवाले चीफ अर्धी दाढी तशीच ठेवून आले, एका गालावर फेस आणि डोक्यावर हेल्मेट, बंब घेऊन टेकडी चढून वर, आणि कुणाला शोधायला? मला. आणि मी कुठे होतो? बंबाला टेकून उभा. चीफ मलाच विचारतात, "हुदाक, हुदाक दिसला का?" आता काय बोलायचं माणसाने? म्हटलं, दिसला होता सकाळी आरशात, तब्येत बरी वाटली नाही.

तर आजही वाजेल. वाजू दे. तुम्ही पिरोगी खा. बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्याच त्या, आमच्या हिने, पॉलिनने केल्यात, गार झाल्या की चामड्यासारख्या होतात.

पण झालं काय ते एकदा सगळ्यांदेखत सांगून टाकतो, कारण गावात काय बोलतात ते येतं माझ्या कानावर. टपालवाली म्हणते म्हातारा खाली रडत होता. न्हावी म्हणतो म्हाताऱ्याने एका पाहुण्या बाईचा हात धरला तो तीन तास सोडला नाही. तुम्हाला सांगतो, मी घाबरलो नव्हतो. तेवढं आधी लिहून घ्या, मग खा.

आता नंबर सहाची खाण तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्यातले निम्मे बाप तिथेच खोकायला शिकले. मी आठवी सोडून तिथे गेलो, लिहिण्यावाचण्याशी माझं कधी जमलं नाही, पण एक नियम वाचता न येणाऱ्यालाही कळत होता. तो म्हणजे बिल्ला. पितळेचा, नाण्याएवढा नाही हो, चांगला बशीच्या बुडाएवढा, त्यावर नंबर. माझा दोनशे बारा. खाली जाताना आपल्या हाताने खिळ्याला लावायचा, वर आलं की आपल्या हाताने काढायचा. फळीवर एक जरी बिल्ला लटकत असला तरी दार लावायचं नाही, पंखा बंद करायचा नाही, माणसं वरखाली नेणाऱ्या पाळणेवाल्याने घरी जायचं नाही. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. पुसायला म्हणून नाही, बघायला म्हणून नाही, प्रेमाने नाही. सख्ख्या भावाने भावाचा बिल्ला "तेवढाच आणतो" म्हणून खिशात टाकला होता एकदा, तर त्याला खाली मान घालून आठवडाभर एकट्याला जेवावं लागलं.

मग कोळसा संपला, रॉय प्रॉसरने खाण विकत घेतली आणि लोकांना दाखवायला सुरुवात केली. मी वाटाड्या. बरं चाललं होतं. रॉय तिकिटं फाडायचा आणि खाणीतली गाडी चालवायचा, मी खाली लोकांना खेचरांचा गोठा दाखवायचो, दगडातलं नेच्याचं पान दाखवायचो, आणि शेवटी ते अंधाराचं. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मी सगळे दिवे एक मिनिट बंद करतो आणि म्हणतो, मंडळी, हा खरा अंधार, स्वतःचा हात दिसणार नाही. लोक ओ ओ करतात. वीस वर्षं करतोय. आता आज सांगतो, त्या मिनिटभर माझा एक हात बटणावर असतो आणि डोळे मी घट्ट मिटलेले असतात. कारण मिटल्यावर जो अंधार होतो तो आपला असतो. बाहेरचा नसतो. पण ते असो. मी घाबरत नाही, सवय आहे ती एक.

तर फळी. वीस वर्षं फळी होती, पाहुण्यांनाही बिल्ले द्यायचो, पोरंबाळं खूश व्हायची. आणि ह्या शरदात रॉयची पुतणी आली पिट्सबर्गहून, नताली, कॉम्प्युटरचं काम करते, हुशार आहे, तसं काही म्हणणं नाही. चाळिशीची बाई, चष्मा डोक्यावर, तोंडात सतत पेन्सिल. ती फळीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ही तुमची एकविसाव्या शतकातली पद्धत?"

रॉय माझ्याकडे बोट करून म्हणाला, "अँडीची पद्धत आहे."

ती म्हणाली, "मी तुम्हाला यादी करून देते. तिकिटाच्या खिडकीत नाव टाकलं की माणूस खाली. वर आला की बोट लावायचं, नाव गेलं. पडद्यावर मोठ्या आकड्यात दिसेल खाली किती जण."

म्हटलं, आणि यादी कुणाच्या हातात?

"कुणाच्या म्हणजे? कॉम्प्युटरच्या."

तिथेच मी विचारायला हवं होतं की कॉम्प्युटर ती पुढे कुणाच्या हातात देतो. पण मला काय ठाऊक त्याच्या पोटात आणखी लोक बसलेत.

फळी गेली दुकानात. भिंतीला टांगली, प्रत्येक खिळ्याला कोळशाचा खडा लावलेली किल्ल्यांची साखळी, विकायला. तीन दिवस यंत्र चाललं, बरोबर चाललं, पंधरा गेले पंधरा आले, शून्य. रॉय माझ्याकडे असा बघायचा जणू त्यानेच ते यंत्र पोटातून काढलंय. पण मी, आता हेही सांगतो, पॉलिनला सोडून कुणालाच माहीत नव्हतं, मी रोज सकाळी दुकानातून जाताना एक साखळी बाजूला सरकवायचो आणि दोनशे बाराच्या खिळ्याला माझा बिल्ला लावायचो. संध्याकाळी काढायचो. चोरासारखा. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, साखळ्यांच्या दुकानात चोरासारखा.

चौथा दिवस म्हणजे तो रविवार. नोव्हेंबरचा शेवटचा, हंगामाचा शेवटचा, त्यानंतर खाण बंद ती थेट एप्रिलला उघडायची. एप्रिल. हे डोक्यात ठेवा. त्या दिवशी नतालीने यंत्रात एक नवीन गोष्ट घातली होती. लोक गाडीत बसायच्या जागेवरून भांडतात ना, नवऱ्याशेजारी बसायचं, नवऱ्याशेजारी बसायचं नाही, तर म्हणे यंत्रच जागा वाटेल. गाडीत बारा जण बसतात, आम्ही पंधरा, म्हणजे दोन खेपा. पहिल्या खेपेत बारा, दुसरीत तीन. मला म्हणाली, "बघा अँडी, नावं परत टाकायलाही नकोत. तीच यादी मी जागा वाटणाऱ्याला देते, तो आपापलं काम करतो."

कोण वाटणारा?

"माणूस नाही हो. फंक्शन. प्रोग्रामचा एक तुकडा, त्याला एकच काम येतं."

म्हटलं, म्हणजे कारकून.

"बरं, कारकून."

त्या दुसऱ्या खेपेत तीन जण. एक ती स्वतः, जागा कशा वाटल्या जातात ते बघायला आली होती. दुसरी एक पाहुणी, मिसेस लुडविग, डेलावेअरची, शाळेतून निवृत्त, पायात नवे बूट आणि गळ्यात कॅमेरा. आणि तिसरा मी, वाटाड्या शेवटी निघतो म्हणून. खाली सगळं नीट झालं. गोठा झाला, नेच्याचं पान झालं, अंधाराचं मिनिट झालं. रॉय बारा जणांना घेऊन वर गेला. जाताना ओरडला, "आलोच."

आलोच. तुम्हाला सांगतो, ह्या शब्दावर माझा फार विश्वास होता.

आम्ही तिघं थांबलो. मिसेस लुडविग नेच्याच्या पानाचे आणखी फोटो काढत होती, मला म्हणते, "वाटाडेसाहेब, तुम्ही ह्या पानाशेजारी उभे राहता का, मोजमापासाठी?" मी उभा राहिलो. मोजमापासाठी. आणि दिवे गेले.

सगळे. खाटकन. आणि त्याच्यामागोमाग पंखा बंद झाला. पंखा बंद झाल्याचा आवाज तुमच्यापैकी ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. इतका वेळ एक घरघर कानात असते, ती आहे हेच आपण विसरलेलो असतो, आणि ती थांबते, आणि मग कळतं की आपल्या कानात आपलंच रक्त वाजतंय. त्यानंतर लांब वर लोखंडी दार. धाड. मग कुलूप. कुलपाचा आवाज एवढ्या खोल येतो हे मला त्या दिवशीच कळलं.

मिसेस लुडविग म्हणाली, "अय्या, पुन्हा एकदा? किती छान."

माझा हात बटणाकडे गेला, बटण होतं, दाबलं, वर केलं, खाली केलं, वर केलं. डोळे मिटले. उपयोग नाही. आत आणि बाहेर सारखंच. मी घाबरलो नव्हतो, बटण मात्र पुन्हा दाबलं.

नतालीने मोबाइलचा दिवा लावला. नऊ टक्के. खाली रेंज नाही हे सांगायला नको, तिथे देवाचीसुद्धा रेंज नाही. तिचं तोंड निळं पडलेलं. मला वाटलं उजेडाने. पण ती कुणाशी तरी हळू बोलत होती, हिशोब करत असल्यासारखी, आणि मग म्हणाली, "शून्य. अँडी, वर पडद्यावर शून्य दिसत असणार."

म्हटलं, शून्य कसं? आपण तीन आहोत. मी मोजतो हवं तर. एक. दोन...

"यादी रिकामी झाली असणार. मी यादी दिली ना जागा वाटणाऱ्याला. तो एकेक नाव उचलतो, जागेवर बसवतो आणि यादीतून काढतो, उरलेत किती ते कळावं म्हणून. यादी संपेपर्यंत. त्याचं काम बरोबर आहे. पण त्याने ती... त्याने तीच संपवली."

म्हटलं, त्याने स्वतःची यादी संपवली, आपल्याला काय? आपली वेगळी असेल.

"वेगळी नाही." ती खाली बसली. "तिथेच तर. यादी हातात दिली म्हणजे नक्कल जात नाही, अँडी. यादी कुठे ठेवलीय एवढंच त्याला सांगितलं जातं. तो तिथे जातो आणि तीच खोडतो. एकच यादी आहे. माझी तीच त्याची."

आता मी काही शिकलेला माणूस नाही, पण हे मला असं कळलं, असं कळलं की थेट पोटात कळलं. म्हटलं, म्हणजे बाई, तू त्या कारकुनाला जागा मोजायला म्हणून माझी फळी उचलून दिलीस. फळीची नोंद नाही, फळी. आणि त्याने प्रामाणिकपणे एकेक बिल्ला काढला, पुसला, खिशात घातला आणि फळी परत भिंतीला लावून घरी गेला.

ती म्हणाली, "हो."

म्हटलं, आणि हे तुम्हा लोकांना आधी माहीत असतं?

"पहिल्या वर्षी शिकवतात."

"आणि तरी?"

"आणि तरी सगळ्यांकडून होतं. खोडणारा दिसत नाही ना. चूक इथे होते आणि दिसते तिकडे, भलत्याच ठिकाणी."

भलत्याच ठिकाणी. मी त्या भलत्या ठिकाणी उभा होतो, नेच्याच्या पानाशेजारी, मोजमापासाठी.

आता घरातलं सांगतो. पॉलिनची नणंद, म्हणजे माझीच बहीण, एकदा आमची नाताळच्या खसखशीच्या रोलच्या कृतीची वही घेऊन गेली, नुसती बघायला. पॉलिनने वहीच दिली, उतरवून नाही दिली. बहिणीला साखर वर्ज्य, तिने आपलं पेन्सिलीने साखर अर्धी केली, लोणी अर्धं केलं, आपल्यापुरतं, वाईट मनात काही नाही, आणि वही परत आणून दिली. त्या नाताळला पॉलिनने वही उघडून जसं लिहिलंय तसं केलं आणि चोवीस माणसांनी ते खाल्लं आणि कुणी काही बोललं नाही, फक्त पाद्रीबाबांनी पाणी मागितलं. पॉलिनला वाटलं आपला हात गेला. महिनाभर रडली. हात नव्हता गेला, वही गेली होती. पण त्या वहीने नुसता रोल बिघडला. इथे एप्रिल होता.

आणि तो हिशोब मी करत होतो मनातल्या मनात. रॉय घरी गेला असणार, रविवार, टीव्हीवर फुटबॉल, बियर उघडली असणार. त्याने पडदा बघितला, शून्य, म्हटलं चला, दुसऱ्या खेपेची गरजच नाही, यंत्र किती चांगलं. त्याला आठवलंही नसणार. रॉय लक्षात ठेवणारा माणूस नाही, म्हणून तर यंत्र आणलं. नताली पिट्सबर्गला परस्पर गेली असं त्याला वाटणार. मिसेस लुडविग एकटी राहते, तीच म्हणाली, "माझी वाट फक्त मांजर बघतं, आणि तेही मनापासून नाही." खिशात काय होतं? माझ्याकडे अर्धा चॉकलेटचा तुकडा. मिसेस लुडविगकडे खारे शेंगदाणे, विमानातले. नतालीकडे पेन्सिल.

"हे तिकिटात धरलंय का?" मिसेस लुडविगने विचारलं. अजून ती खूश होती.

नताली म्हणाली, "नाही, मॅडम. चूक झालीय."

"मग वर बोलवा ना कुणाला."

"वरच्यांच्या मते आपण वरच आहोत."

मोबाइल चार टक्क्यांवर आला. मी म्हटलं बंद कर, राख. तिने बंद केला. आणि मग तो आला, खरा अंधार, बाहेरचा. आता न्हाव्याचं खरं की खोटं ते सांगतो. हात मी धरला. पण तिनेही धरला होता, आणि तीन तास दोघांनी मिळून धरला, त्यात एकट्या माझं नाव का? ती म्हणाली, "वाटाडेसाहेब, तुमचा हात फार थरथरतोय." म्हटलं, वय झालं मॅडम. ती म्हणाली, "मी तुमच्याहून एक वर्षाने मोठी आहे."

मग मी बोलायला लागलो. अंधारात तोंड चालू ठेवायचं, हे मला सतराव्या वर्षी कळलंय. त्यांना सांगितलं, तुम्हालाही सांगतो, कुणाला बोललो नव्हतो. सासष्ट सालात पूर्वेच्या गल्लीचं छत बसलं तेव्हा मी पलीकडे होतो. एकटा. तीन तास. दिवा विझला. आणि मला तेव्हा एकच गोष्ट माहीत होती, वर फळीवर दोनशे बारा लटकतोय. मेट्रो नावाचा पाळणेवाला होता, युक्रेनी, दारुडा, लोक त्याला हसायचे. त्याची पाळी संपली तरी तो उठला नाही. साहेब म्हणाला घरी जा, तर म्हणाला, खिळ्याला एक आहे. साहेब म्हणाला, अरे कुणी विसरला असेल काढायला. तर म्हणाला, मग तो येऊन काढू दे. आणि तिथेच बसला, आणि त्याच्यामुळे माणसं गोळा झाली आणि खणत आली. मला तो बिल्ला अंधारात दिसत होता, खोटं नाही सांगत, लुकलुकताना. त्याच्यावर मी तीन तास काढले.

आणि ह्या वेळी म्हटलं, वर शून्य आहे. शून्याच्या भरवशावर काय काढणार माणूस?

नताली त्या काळोखात म्हणाली, "सॉरी, अँडी." बारीक आवाजात. मी म्हटलं, सॉरी एप्रिलला म्हण.

तर असे आम्ही बसलो. शेंगदाणे वाटून खाल्ले, सात सात आले, एक उरला तो मिसेस लुडविगला दिला. छताला कुठे तरी पाणी टपकत होतं. मधेच एक खडा घरंगळला आणि मी... बरं, मी ओरडलो. पण घाबरून नाही. बजावण्यासाठी. खड्याला.

आता वर काय चाललंय ते ऐका, हे पॉलिनचं. साडेचारला आमचं जेवण, लग्नाला तेवीस एप्रिलला पन्नास वर्षं होतील, एक मिनिट इकडेतिकडे नाही. हलुश्कीचं, कोबी-शेवयांचं ताट वाढलेलं. पाच झाले, साडेपाच झाले. तिने रॉयला फोन लावला.

"रॉय, अँडी कुठाय?"

"घरी असेल, पॉलिन."

"घरूनच बोलतेय मी."

"मग वाटेत असेल. खाली कुणी नाही, मी स्वतः पडदा बघितला. शून्य."

"रॉय प्रॉसर, माझ्यासमोर कोबी गार पडलाय. तुझं शून्य येऊन खाणार आहे का तो?"

ती स्वेटर चढवून तशीच टेकडी चढली, रॉयही आला, बियरसकट. तिथे पाहुण्यांच्या वाहनतळात एक निळी गाडी एकटी उभी, डेलावेअरची पाटी. रॉय म्हणाला, कुणी तरी ठेवून गेलं असेल. म्हणजे बघा. समोर गाडी आहे, समोर बायको आहे, आणि हा पडद्याकडे बोट दाखवतोय. शून्य, पॉलिन, शून्य, हे बघ.

पॉलिनने पडदा बघितलाच नाही. ती सरळ दुकानात गेली, दिवा लावला, आणि त्या चाळीस साखळ्यांमधून हात फिरवत गेली. आणि दोनशे बाराला थांबली.

"तो खाली आहे," म्हणाली.

रॉय म्हणाला, "अगं ती फळी शोभेची आहे."

"दार उघड, रॉय."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच आलात, दोऱ्या, दिवे, घोंगड्या. पंखा सुरू झाला तेव्हा मला... त्या घरघरीला मी चाळीस वर्षं शिव्या दिल्यात. त्या दिवशी वाटलं अख्खं चर्च गातंय. मिसेस लुडविगने वर आल्यावर रॉयला सांगितलं की आतापर्यंत पाहिलेल्या खाणींत ही सगळ्यात चांगली, फक्त शेवट लांबतो. आणि मी दुकानात गेलो आणि माझ्या हाताने माझा बिल्ला काढला. पॉलिनने काढला नव्हता. बघितला, ओळखला, पण हात नाही लावला. खाणकामगाराची मुलगी आहे.

मग आता तुम्ही म्हणाल, झालं की, सुटलास. मग रोजचा भोंगा कसला?

तेच तर. नताली रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमवारी, डोळे लाल, म्हणाली, "अँडी, आता पुन्हा कधीच नाही. आता खरी यादी कुणालाही मिळणार नाही. जो मागेल त्याला नक्कल. त्याने नकलेवर काय वाटेल ते करावं. खरी यादी कुलपात." म्हटलं, हे बरं झालं. आणि आणखी एक केलं तिने, यंत्र जोडलं तुमच्या भोंग्याला. चारच्या ठोक्याला खाली एक जरी माणूस असला तर भोंगा वाजणार, आणि त्याच्या घरी आपोआप फोन जाणार. विम्याचा माणूस येऊन बघून गेला, त्याने लेखी घेतलं रॉयकडून, की खाली माणूस असताना हे यंत्र कुणी बंद करायचं नाही. सगळं चांगलंच. मग म्हणाली, एकदा चालवून बघू, अँडी, तुम्ही खाली जाऊन या.

मी दहा पावलं गेलो. अकरावं टाकलं नाही. पण यंत्राच्या हिशेबी गेलो. खाली: एक. मग परत आलो, बोट लावलं, टिंग वाजलं, नताली बस पकडून पिट्सबर्गला गेली, तिला तिथे नोकरी आहे. आणि मी पडद्याकडे बघितलं.

खाली: एक. हुदाक, अँडी.

पुन्हा बोट लावलं. टिंग. खाली: एक. वीस वेळा लावलं, बोट दुखलं. चारला भोंगा.

फोनवर ती म्हणाली, "अय्यो." मग म्हणाली, "नावं खोडणाऱ्यालाही मी नक्कलच दिलीय."

कळलं का तुम्हाला? तिथे एक दुसरा कारकून आहे, वर आलेल्याचं नाव खोडणारा. खोडणं हेच त्याचं काम. एकट्या त्याला खरी फळी द्यायला हवी होती. तर हिने घाबरून त्यालाही नक्कल दिली. तो बिचारा माझं नाव नीट, सुंदर खोडतो, आपल्या कागदावर, कागद टोपलीत टाकतो, टिंग वाजवतो, आणि खरी यादी तिकडे कुलपात बसलीय, तिला काही पत्ता नाही. "एकाच ओळीचं काम आहे, अँडी," म्हणाली, "शनिवारी येते." आज शुक्रवार.

बंद कर म्हटलं रॉयला. तो म्हणाला, "बंद कसं करू? लेखी दिलंय. खाली माणूस आहे."

म्हटलं, तो माणूस मी आहे.

"मग तूच सांग, तू खाली असताना मी बंद करू?"

आणि रोज चारला घरी फोन. बाईचा गोड आवाज, आपले यजमान अद्याप खाली आहेत. पहिल्या दिवशी पॉलिन दचकली. आता ती म्हणते, "असू दे, निदान कुठे आहे ते तरी कुणी तरी कळवतंय."

तुम्ही हसताय. हसा. पण आता जे सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. बुधवारी मी एकटा गेलो होतो वर, पडदा बघायला. खाली: एक, हुदाक, अँडी. आणि बघता बघता मला असं वाटायला लागलं की ते यंत्र इतकं ठामपणे म्हणतंय, तर असेल. म्हणजे कुणी तरी असेल ना खाली माझ्या नावाचा, पानाशेजारी उभा, डोळे मिटून. मी खिशात हात घातला. बिल्ला होता. मग बरं वाटलं. पण चालताना तो मी हातातच धरला, घरापर्यंत.

बरं. घाबरलो होतो. लिहा. रविवारी घाबरलो होतो, आणि सासष्ट सालापासून रोज घाबरतोय, आणि आता तर आणखी. कारण रविवारी शून्य होतं आणि मी खाली होतो, ते एकदाच झालं. पण हे बघा ना, सोमवारी तुम्ही बंब घेऊन धावत आलात. मंगळवारी चालत आलात. काल अर्धी दाढी करून आलात. आज मीच म्हटलं बसा, खा. आणि तुम्ही बसलात. किती लवकर बसलात. अशाने एक दिवस मी खरोखर खाली असेन, भोंगा वाजेल, आणि इथे कुणी तरी पिरोगी चावत म्हणेल, हुदाकच असेल, बसा...

हं. वाजला. चार.

ऐकताय ना? वाजला.

कुणीच उठत नाही? बसा म्हटलं होतं मी, माहीत आहे. आता उठा म्हणतो. मी इथे आहे ते मलाही दिसतंय हो, पण पडद्यावर, म्हणजे खिळ्याला, एक आहे ना? चीफ, तुम्ही तरी हेल्मेट घाला. गाडी काढा, मी पुढे बसतो, रस्ता दाखवतो.

पॉलिन, माझं ताट झाकून ठेव. मी मला घेऊन येतो.